डब्यातल्या चिठ्ठ्या

दौंडच्या एका कचेरीत मी तीसेक वर्षं फायली सांभाळल्या आणि निवृत्त होताना यादी करून सगळ्या चार्जमध्ये दिल्या. शिरूरच्या शाळेतले किस्से मात्र कुणी चार्जमध्ये घेत नाही. ते साचतच गेले. आमच्या वर्गातले दोघं जण कुठंही भेटले, की एक जण नुसता 'डबा' म्हणतो आणि चहा गार होतो.

ही साठ सालच्या आधीची गोष्ट. मॅट्रिकच्या वर्गात आम्ही चाळीस जण होतो. गणिताचे सर संभाव्यता शिकवायचे, आणि ती नुसती फळ्यावर शिकवून त्यांचं समाधान होत नसे. टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा असे आणि त्यात आमच्या चाळीस नंबरांच्या चिठ्ठ्या. रोज डबा हलवून सर एक काढायचे. ज्याचा नंबर निघेल त्यानं फळ्यापाशी जाऊन गणित सोडवायचं. चुकलं, तर घंटा होईपर्यंत वर्गाकडे तोंड करून उभं राहायचं.

सर म्हणायचे, "घाबरता कशाला? चाळिसात एक."

हिशोबानं प्रत्येकानं चाळिसावा हिस्सा घाबरायला हवं होतं. प्रत्यक्षात चाळीसही जण पुरते घाबरायचे.

*

केंदूरहून येणाऱ्या निवृत्ती नावाच्या मुलाचा नंबर सतरा. सोमवारी तो निघाला. मंगळवारी निवृत्ती वहीसुद्धा न आणता आला. म्हणाला, "आता म्हैनाभर घोर न्हाई. माझं झालं."

सरांनी सोमवारची चिठ्ठी परत डब्यात टाकली होती, हे त्यानं पाहिलं नव्हतं. मंगळवारी पुन्हा सतरा.

निवृत्तीनं कालच निघाल्याची तक्रार केली. सर शांतपणे म्हणाले, "डब्याला काल आठवत नाही."

*

गैरहजर मुलांच्या चिठ्ठ्या सर बाजूला ठेवत. एका बाजाराच्या दिवशी भीतीनं तीस जणांनी दांडी मारली. आम्ही दहा जण उरलो आणि चाळिसात एकचं दहात एक झालं. एवढी भीती मला पुढं साहेबांच्या तपासणीतही कधी वाटली नाही.

पुढच्या बाजाराला आम्ही दहा जण सकाळीच निघालो आणि एकेकाला घरातून ओढून शाळेत आणलं. हेडमास्तरांना नोटिसा लावून जे जमलं नव्हतं, ते एका अपूर्णांकानं करून दाखवलं.

*

एकदा गणित आलं, की पाच माणसं एका बाकावर किती प्रकारे बसतील? उत्तर एकशे वीस. पुन्हा निवृत्तीच उभा.

त्यानं खडू खाली ठेवला. मग म्हणाला, "आमची भावकी बसवून बघा, सर. एकपण प्रकार सापडायचा न्हाई."

वर्गात कुणी हसलं नाही. हसणाऱ्याला सर डबा न हलवताच बोलवायचे.

*

आता रसूलचं. रसूल शेख तळेगाव ढमढेऱ्याचा, माझ्या शेजारी बसणारा. त्याला तलाठी व्हायचं होतं आणि त्यासाठी मॅट्रिक हवी होती. वडिलांनी मात्र बजावलं होतं, की परीक्षेचा फॉर्म गेला नाही, तर पुढच्या महिन्यापासून सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला बसायचं.

चाचणीत रसूल गणितात काठावर राहिला. काठावरच्यांचं सर स्वतः ठरवायचे. आधी सांगून ठेवलेल्या बारा गणितांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या. एक काढायची, त्यातलं गणित सोडवलं तर फॉर्म. मी आठवडाभर रसूलला शिकवलं, तेव्हा त्यातलं एक त्याला पक्कं आलं.

माझं अक्षर बरं म्हणून फॉर्म भरायला सरांनी मला टेबलाशी बसवलं होतं. रसूल आला. त्यानं डब्यात हात घातला आणि तो बाहेरच काढेना. 

"काय झालं?" सर म्हणाले.

"भ्या वाटतंय, सर."

"किती?"

मला वाटलं, संपलं. रसूलनं डोळे मिटले. कपाळावरचा घाम नाकावर आला.

"बारात अकरा."

"कसं?"

"एकच येतंय मला. बाकीची अकरा न्हाई येत."

 सर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "याचा फॉर्म भर." आणि रसूलला म्हणाले, "हात काढ. जा."

फॉर्म भरून मी बाहेर आलो, तर रसूल पायरीवर बसलेला. उजवी मूठ अजून आवळलेली, बोटं पांढरी पडलेली. डब्यातून काढलेली चिठ्ठी मुठीतच होती.

मी म्हटलं, "उघड की. कुठलं निघालंय बघू."

त्यानं मूठ खिशात घातली.

"येडा हायेस का? उघडल्यावर बारात अकरा कुठलं राहतंय?"