रावसाहेबांनी शिजवलेला नमुना

प्लेगच्या वर्षांत मी कल्याणच्या सरकारी दवाखान्यात हॉस्पिटल असिस्टंट होतो. लोक मला दाक्तर म्हणत, साहेबलोक बाबू म्हणत, आणि घरचे काहीच म्हणत नसत. मागल्या दारी कपडे उतरवून अंघोळ उरकून मी आत येईपर्यंत मुलांची निजानीज झालेली असे. त्या काळाविषयी कोणी विचारतं तेव्हा त्याला मरणाच्या गोष्टी हव्या असतात. माझ्या आठवणीत मात्र मुख्यतः थकवा आहे. थकवा आणि काचेच्या नळ्या.

नळ्यांचं काम असं. जांघेत किंवा काखेत गाठ आली की ती प्लेगची की दुसऱ्या कशाची, हे नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नसे. सांगणारे पुष्कळ होते, ती गोष्ट वेगळी. मग गाठीवरची कातडी स्पिरिटने पुसायची, उकळून घेतलेली सुई आत घालायची, थेंबभर द्रव ओढून तो बारीक नळीत घ्यायचा आणि नळीची दोन्ही टोकं दिव्यावर वितळवून बंद करायची. टोकं वितळवताना मधला द्रव तापू द्यायचा नाही, यातच सगळं कसब. जंतू मेला की साक्षीदार मेला. मग नळी कापसात, कापूस बांबूच्या कांडात, कांड पत्र्याच्या डब्यात, आणि डबा आगगाडीने मुंबईच्या प्रयोगशाळेत. तिथले लोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तारेने निकाल कळवत.

एका फाल्गुनात डोंबिवलीच्या अलीकडे, खाडीच्या काठी असलेल्या मिठागरांच्या पाड्यावर मला बोलावणं आलं. एका तरुण बाईला ताप होता आणि उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ. मी पोचलो तर प्लेगचे साहेब माझ्या आधीच हजर. ते घोड्यावरून उतरलेले नव्हते. घोडा दारापासून बराच लांब उभा होता, त्यामागे चार शिपाई, त्यांच्यामागे चुन्याच्या बादल्या घेतलेले मजूर. एवढ्या लवाजम्यात एखादं संस्थान खालसा झालं असतं.

"प्लेग है," साहेब घोड्यावरूनच म्हणाले. "सब को कॅम्प भेजो."

मी आत गेलो. बाईच्या उजव्या तळपायाला खोल जखम होती, कडा हिरवट झालेल्या. तिची सासू माझ्यासमोर येऊन बसली.

"दाक्तर, सुनंच्या पायान कालवाची शिंपी घुसलीय. त्याचीच गाठ हाय ती. तिला त्या छावनीन नेव नको."

"मावशी, ते मी ठरवत नाही."

"मंग तू कशाला आयलास?"

मी पुन्हा तळपायाची जखम पाहिली. म्हातारीचं म्हणणं बरोबर असू शकत होतं. शिंपल्याने झालेल्या पायाच्या जखमेनेही जांघेत गाठ येते. आणि ते बरोबर असेल तर छावणी म्हणजे त्या बाईला मुद्दाम मरायला पाठवणं होतं. तिथे खऱ्या प्लेगच्या रोग्यांच्या रांगेत तिची खाट पडणार. जिला प्लेग नाही तिलाही तो तिथे झाला असता. शिवाय सगळा पाडा हलणार, छपरं उतरणार, आणि ऐन हंगामात आगरातलं मीठ कोणी ओढायला नाही.

मी बाहेर जाऊन नमुन्याची परवानगी मागितली. साहेबांनी उपकार केल्यासारखी दिली. निकाल येईपर्यंत पाड्याभोवती पहारा, कोणी आत नाही, कोणी बाहेर नाही. मी सुई घातली तेव्हा त्या बाईने मला दिलेल्या शिव्या इथे लिहिण्याजोग्या नाहीत. गाठ दुखत होती हे त्यांवरून स्वच्छ कळलं.

डब्यावर मी ठळक अक्षरांत लिहिलं: 'प्लेगचा संशय. जपून न्यावा.' आणि तो कल्याण स्टेशनात गार्डाकडे देण्यासाठी पार्सलबाबूंच्या हवाली केला.

मुंबईहून तार आली ती अशी: द्रव शिजलेला आहे, काहीच दिसत नाही, दुसरा पाठवा.

मी तार तीनदा वाचली. दिव्यावर माझ्या हातून द्रव तापला असेल, ही शंका आधी आली. पण शिजलेला? मी तडक स्टेशनात गेलो.

स्टेशनात तेव्हा उतारूंची तपासणी चाले. त्यांची गाठोडी, गोधड्या, फेटे भल्यामोठ्या तांब्याच्या हंड्यांत उकळून काढत. या कामावर देखरेखीला एक पेन्शनर गृहस्थ बिनपगारी होते. सरकारने त्यांना त्याबद्दल रावसाहेब केलं होतं, आणि ते झाल्यापासून ते उन्हाळ्यातही जरीकाठी उपरणं घेऊन हंड्याशेजारी खुर्ची टाकून बसत.

"तुमचाच का तो डबा?" ते म्हणाले. "त्यावर 'प्लेगचा संशय' असं लिहिलं होतं."

"म्हणूनच तो मुंबईला चालला होता, रावसाहेब."

"आणि म्हणूनच मी तो उकळवला. चांगला उकळवला. संशयित माल या स्टेशनातून बिनउकळता जात नाही."

"अहो, त्यात जंतू आहे की नाही, तेच तर पाहायचं होतं!"

"असला तर मेला. नसला तर प्रश्नच नाही. तुम्हांला आणखी काय पाहिजे?"

त्यांच्या तर्कात खोट काढणं सोपं नव्हतं. नुसता हुकूम पाळणारा माणूस वाद घालून हरवता येत नाही; तो वादात उतरतच नाही.

"दुसरा डबा पाठवतो. तेवढा तरी—"

"पाठवा ना. हंडा चोवीस तास चालू असतो."

साहेबांकडे गेलो, तर ते त्याहून मोकळे. मुंबईवाल्यांनी प्लेग नाही असं म्हटलेलं नाही. म्हणजे प्लेग आहे. परवा सकाळी पाडा हलेल. तोवर पाहिजे तर बाबूने आणखी नळ्या भराव्यात.

मी पुन्हा पाड्यावर गेलो. म्हातारी दारात आडवी उभी राहिली.

"येकदा नेलंस त्याचा काय केलंस?"

"उकळलं," मी म्हणालो. खोटं बोलायला अंगात जोर नव्हता.

"उकललं?" तिने आत पाहून सुनेला सांगितलं, "ऐकलंस गो? तुजी गाठ शिजवली यांनी. आता मीठ मागाला आयलाय."

आतून ती बाई तापातही हसली. मग म्हातारी बाजूला झाली. मी दुसरी नळी भरली, दुसऱ्यांदा शिव्या खाल्ल्या आणि बाहेर बांधावर येऊन बसलो. नळी हातात, आणि न्यायची कशी? डब्यावर लिहावं तर रावसाहेब उकळणार. न लिहावं तर उघडून पाहणार आणि मग उकळणार. मी स्वतः घेऊन जावं, तर प्लेगच्या पाड्यावरून आलेला म्हणून मीच हंड्यापाशी अडणार, कपड्यांसकट.

समोर बांधाच्या टोकाला, पहाऱ्याच्या बाहेर, मिठाच्या खात्याचं नाकं होतं. तिथले कारकून चौकीत बसून मिठाच्या नमुन्यांची पेटी लाखेने बंद करत होते. आगरातलं मीठ किती स्वच्छ, हे पाहायला अशी पेटी अधूनमधून मुंबईच्या कचेरीत जाई. बरोबर पट्टेवाला असे. ती पेटी स्टेशनात उकळताना मी कधी पाहिली नव्हती. मी त्यांना तसं विचारलं.

"उकळतात?" कारकून हसले. "आमची लाख फोडली की मीठचोरीचा खटला. तुमचे साहेबसुद्धा फोडायचे नाहीत."

"मग त्यात एक कांड मावेल का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या कांडाकडे पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली. "अहो, माझी नोकरी आहे. बायकामुलं आहेत."

"परवा पाडा छावणीत गेला तर यंदा मीठ कोण ओढणार?"

हा मुद्दा त्यांना पटला. माणुसकीचा मुद्दाही मी तयार ठेवला होता, पण तो काढावा लागला नाही. त्यांनी मिठाच्या दोन पुड्यांमध्ये कांड ठेवलं, वर तिसरी पुडी ठेवली, झाकण लावलं आणि लाख ओतताना डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. प्रयोगशाळेत कांड कोणाला द्यायचं ते मी पट्टेवाल्याला समजावलं. सरकारच्या एका खात्याने बंद केलेलं दुसरं खातं उघडत नाही, या एका नियमावर माझा विश्वास होता. रावसाहेबांनी त्या पेटीला खुर्चीवरून उठून वाट दिली, असं पट्टेवाल्याने मला मागाहून सांगितलं.

पाडा हलायच्या दिवशी सकाळपासून मी तारघरात बसून होतो. तार आली तोवर ऊन चढलं होतं. प्लेग नाही, साधे पुवाचे जंतू, इतकंच तीत होतं. मी बैलगाडी केली. गाडीवान वाटभर बैलांशी बोलत होता, माझ्याशी नाही, याचं मला बरं वाटलं.

पोचलो तेव्हा मजूर कामाला लागलेले होते. त्या बाईच्याच घरापासून सुरुवात झाली होती. छपराचा पेंढा अंगणात पडला होता आणि वर नुसते वासे उरले होते. म्हातारी खाटेचा पाय घट्ट धरून बसली होती, दोन शिपाई तिला समजावत होते. मी तार साहेबांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, घडी घातली.

"बहुत अच्छा," ते म्हणाले. "सफाई का असर है."

मजूर शिड्या घेऊन परत फिरले. जाताजाता त्यांनी, आणलेला चुना वाया जाऊ नये म्हणून, त्या घराच्या भिंतींना फासला. छप्पर परत घालण्याचा हुकूम मात्र कोणाजवळच नव्हता.

आता ती गाठ माझी होती. निकालाआधी चीर द्यायला मला मनाई होती. मी पाणी उकळायला ठेवलं, सुरी काढली. म्हातारीने सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. वर छप्पर नव्हतं, भिंती ओल्या चुन्याने पांढऱ्याधोट झाल्या होत्या. इतक्या उजेडात मी आयुष्यात कधी चीर दिलेली नाही. वाटीभर पू निघाला. तळपायातून शिंपल्याचा तुकडाही निघाला, नखाएवढा.

शिव्या संपल्यावर त्या बाईने डोळे उघडले आणि वर पाहिलं.

"आते," ती सासूला म्हणाली, "आपलं छप्पर कुठं जेलं?"

"दाक्तरला इचार," म्हातारी म्हणाली. "आनि गप पर. हलू नको."