पूर्ण नावाची चिठ्ठी

सोनागिरीत आमच्या समोर राहणारा कॉम्प्युटरवाला प्रत्येक बोलणं ‘समजा’नं सुरू करतो. कारखान्यातल्या मशिनींसाठी त्यानं केलेला प्रोग्राम सोमवारी चालू व्हायचा होता. शनिवारी टपरीवर तो चहा निववत, चष्मा पुसत बसलेला.

“समजा काका, कॉम्प्युटरचा गाभा असतो, कर्नल म्हणतात. आमचा जुना आठवडाभर चालला की अडकतो. नव्यात ते दुखणं नाही, पण नवा तपासायला वेळ नाही. बदलू?”

मी चौथी शिकलेला, पण लेथवर हयात घातली. म्हटलं, “माल निघायच्या तोंडावर गिअरबॉक्स उघडत नाहीत.”

“आणि जुना अडकला तर? शिव्या तर मलाच पडणार ना.”

“मग खा.”

माझा मुलगा त्याच कारखान्यात मशिनींवर आहे. सोमवारी येऊन म्हणाला, “बाबा, जुनाच ठेवलाय. प्रत्येक मशिनीवर चिठ्ठी आहे: ‘दर रविवारी बंद करून चालू करा. तरी अडकली तर चूक माझी.’ खाली पूर्ण नाव.”

माझ्या नोकरीतले साहेब सही अशी मारत, की कुणाची ते ब्रह्मदेवालाही कळू नये. हा कुठल्या मातीचा, मला अजून उमगलेलं नाही. आता तो दिसला की नमस्कार आधी मीच करतो.