चौथ्या मिनाराचा धूर

पंपकाकांचं निम्मं आयुष्य घुमटाखाली गेलं, पण तिथे देवाचं नाव घ्यायला त्यांना कधी उसंत मिळाली नाही. घुमटाखाली होतं गावाला पाणी चढवणारं वाफेचं यंत्र, आणि ते चालवणं हे काकांचं काम.

इमारत साहेबाची. राज्य त्याचं, हौसही त्याचीच. इथल्या लोकांना आपली वाटावी म्हणून त्याने कुठल्या कुठल्या मुलखांतल्या मशिदींचे घुमट, कमानी, जाळ्या एकत्र बसवल्या. इथल्या लोकांनी असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं! चारपैकी तीन मिनार शोभेचे. चौथा म्हणजे भट्टीचं धुराडं. त्यात दारावर काकांची पाटी, ‘चपला बाहेर काढा’. यंत्रात माती जाऊ नये, एवढ्यासाठीच. पण परगावचा माणूस चपला काढून हातच जोडायचा.

लेकीला बघायला पाहुणे आले तेव्हाही तेच झालं. मुलाच्या आईने पंपघराच्या उंबऱ्याला हात लावून डोळ्यांना लावला.

“भाग्यवान हो तुम्ही! अशा जागी सेवा घडते.”

“चालायचंच,” काका पुटपुटले, आणि पाहुण्यांना मागच्या आपल्या दोन खोल्यांत घेऊन गेले. खोटं ते बोलले नव्हते. खरं तेवढं तोंडातून निघेना. बापाच्या तेलकट हातांपायी आधीची दोन स्थळं फिरली होती, आणि हा मुलगा लेकीला मनापासून आवडला होता.

“अहो, गड्याची भट्टी पेटवायची वेळ झाली,” काकू कानाशी कुजबुजल्या. “आता तरी बोला!”

काका बोलण्याआधी चौथा मिनार बोलला. खिडकीबाहेर भसाभस काळा धूर.

“अगंबाई! आग लागली!”

“आग नाही हो ताई, भट्टी आहे,” काकांनी एकदाचा धीर केला. “हे पाण्याचं पंपघर. घुमट ही साहेबाची हौस. मी आपला पंप चालवतो.”

बाई टक लावून बघत राहिल्या. “म्हणजे, नोकरी?”

“हो.”

“सरकारी?”

“सरकारीच.”

“कायमची?”

“साहेब आहे तोवर कायमचीच.”

“मग आधी नाही का सांगायचं! आम्ही आल्यापासून काळजीत. देवाच्या दारचा माणूस, याचं घर चालतं कशावर, हे विचारायचं तरी कसं?”

सोयरीक तिथेच ठरली. निघताना विहीणबाईंना यंत्र बघायची इच्छा झाली. त्या चपला घालूनच तरातरा उंबरा ओलांडून आत गेल्या. पाटी दाखवायला काकांनी हात उचलला, आणि मुकाट्याने दुसऱ्या हाताला जोडला.