पखवाजावरची कणीक

मी हवालदार म्हणून रिटायर झालो. गाव झरी. लोक लढाईचं विचारतात, मी एका गुरुवारचं सांगतो.

आमची पोस्ट सीमेवर होती. नाल्यापलीकडं त्यांची पोस्ट, अंतर चारशे मीटर. शस्त्रसंधी चालू होती. माझ्या सेक्शनमध्ये नाईक माधव होता, ताडकळसचा, भजनी घरातला. आमचा एक ड्रायव्हर गाडीसकट दरीत गेला, त्यानंतर सुटीवरून येताना या गड्यानं चक्क पखवाज आणला. रडत बसण्यापेक्षा हे बरं, म्हणायचा.

दर गुरुवारी सकाळचा स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन सज्ज राहायची वेळ, संपला की तो लंगरमधून कणकेचा गोळा मागायचा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही. वाजवून झालं की ती लगेच खरवडायची, नाहीतर कातडं खराब होतं. आमच्या वाट्याची चपाती तुझा पखवाज खायलाय, असं कुक चिडवायचा.

माधव बंकरात बसून वाजवायचा. एकदा तो थांबला आणि पलीकडून कुणीतरी त्याच ठेक्यात पत्र्याचा डबा वाजवला. आम्ही लय हसलो. मग दर गुरुवारी डबा वाजू लागला.

"उस्ताद, त्यांच्यातबी कुणी गेलं असंल," माधव मला म्हणाला; फौजेत हवालदाराला उस्ताद म्हणतात. मला ते खरं वाटलं.

त्या गुरुवारी 07:40 ला तो थांबला. डबा वाजला, पण थांबेना. अजून वाजव म्हणायलेत, बाहेर येऊन नुसता पखवाज दाखवू का, असं त्यानं विचारलं. पोस्ट कमांडर मी होतो.

"दाखव. एक मिनिट."

एकच गोळी आली. पखवाज गडगडत माझ्या पायाशी आला. मी वायरलेस सेटवर कॅज्युअल्टी कळवली. फायर कुठून, असं विचारलं गेलं. डब्याच्या पोस्टवरून, मी सांगितलं. 08:25 ला माधव गेला. हेलिकॉप्टर नंतर आलं.

हा दगा होता. डबा वाजवून माणूस बाहेर काढला आणि मारला. आणि बाहेर जायची ऑर्डर माझी.

तेराव्याला मी पखवाज घेऊन ताडकळसला गेलो. माधवच्या वडलांना, आबांना, सगळं सांगितलं, माझ्या ऑर्डरसकट. त्यांनी पखवाज फिरवून पाहिला. कणीक वाळून दगड झाली होती.

"काढली न्हाई तुमी?"

"त्याच्या बोटांचे ठसे हायत, आबा."

त्यांनी त्या ठशांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "डबा वाजवणारा आन गोळी मारणारा एकच व्हता, हे तुमी पायलं?"

"नाही."

"मग त्या डब्याला शिव्या देऊ नका. आता कुणाचंच लेकरू जाऊ नये, एवढंच मागू."

त्यांनी ओलं फडकं ठेवून कणीक भिजवली. आधी ठसे गेले. मग नवी कणीक थापून आबा भजनाला बसले. मला टाळ दिला. मी घेतला नाही.

मला आबांचं पटलेलं नाही. आजही नाही. तरी दर गुरुवारी मोटारसायकलवर ताडकळसला जातो आणि दाराशी बसतो. आबा थांबले की माझे कान त्या पलीकडच्या डब्याच्या आवाजाकडं लागतात. टाळ अजून हातात धरला नाही. कणीक मात्र मीच खरवडतो, ओली असतानाच. माधवचं तेवढं काम राहिलं होतं.