तळमजल्याची परीक्षा

मला स्पर्धा लावून द्यायला फार आवडतं. दोन दुकानांचं तूप आणून घरच्यांना डोळे मिटून चाखायला लावणारी बाई मी. त्यामुळे गेल्या वर्षी आमच्या घरात तीन एआय एकमेकांसमोर उभे ठाकले यात नवल काही नव्हतं. नवल एवढंच, की परीक्षक माझ्या सासूबाई झाल्या.

सरकारी क्वार्टर माझ्या नावावर आहे. तेव्हाचा म्हणजे दिल्लीच्या आर. के. पुरममधला तिसरा मजला, लिफ्ट नाही. सासूबाई वर्ध्याहून आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा हातात पिशवी घेऊन हा जिना चढल्या होत्या आणि आल्या आल्या त्यांनी कुकर लावला होता. मग त्यांचे गुडघे गेले. ऑपरेशन झालं, घरातल्या घरात चालणं जमू लागलं, पण जिना म्हटलं की पाय नाही म्हणायचे. दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून दोघांनी उचलायचं आणि थेट टॅक्सीत ठेवायचं. दोन हिवाळे असेच गेले.

दिल्लीबाहेरच्या माणसाला वाटेल, हिवाळ्याचं काय एवढं? पण थंडीत आमची घरं आतून बर्फ होतात आणि दुपारी सगळ्या कॉलनीतल्या बायका लॉनवर उन्हात येऊन बसतात. मटार सोलायचे, संत्री खायची, लोकर विणायची आणि सगळ्यांच्या सुनांचा हिशेब करायचा. सासूबाई त्या बैठकीच्या जवळजवळ अध्यक्ष होत्या. त्यांची खास मैत्रीण म्हणजे आमच्याच जिन्याच्या तळमजल्यावरची बंगाली मावशी. तिची कंबर धरलेली, तिला वर चढता येत नाही. यांना खाली उतरता येत नाही. एका जिन्याच्या दोन टोकांना राहून दोघी दोन वर्षांत एकदाही शेजारी बसल्या नव्हत्या.

बोलायच्या मात्र रोज. या बाल्कनीत, ती खाली लॉनवर.

"आज क्या बनाया?" सासूबाई वरून ओरडायच्या.

"मछली! खुशबू आ रहा है क्या?"

"इतना ऊपर कहाँ आएगा!"

कुणाकडे काय शिजलं, कुणाचा बीपी वाढला, हे अख्ख्या ब्लॉकला ऐकू जायचं. लोक हसायचे, मीही हसायचे. एकदा मात्र बोलणं संपल्यावर सासूबाई बराच वेळ कठडा धरून खाली बघत उभ्या राहिलेल्या मला दिसल्या. मी त्याच दिवशी ठरवलं, या हिवाळ्याच्या आत यांना तळमजला मिळवून द्यायचा.

ठरवणं सोपं होतं. घरवाटपाच्या नियमांची थप्पी काढली आणि माझं डोकं गरगरलं. मूळ नियम, त्यावर वर्षानुवर्षांची परिपत्रकं, एकाने दुसऱ्याला रद्द केलेलं, दुसऱ्यात तिसऱ्याने बदल केलेला. निम्मे कागद झेरॉक्सच्या झेरॉक्सचे तिरके स्कॅन. ऑफिसात विचारलं तर प्रत्येकाचं मत वेगळं. "मॅडम, बिल्कुल नहीं होगा," एक म्हणाला. "अरे, आराम से हो जाएगा," दुसरा म्हणाला. दोघांनीही नियम वाचलेले नव्हते.

मग मी म्हटलं, एआयला वाचू दे. आणि इथूनच भांडण सुरू झालं, कारण आमच्या घरात तिघांचे तीन एआय. माझा मोबाइलवरचा, हजरजबाबी. नवऱ्याचा त्याच्या नोएडाच्या कंपनीत सगळे वापरतात तो, गंभीर, तक्ते करून देणारा. आणि अकरावीतल्या मुलीचा अभ्यासासाठीचा, ज्यात आपण कागद टाकायचे आणि तो फक्त त्या कागदांतूनच उत्तर देतो.

"तुझा नुसता बोलतो," नवरा म्हणाला.

"तुमचा नुसता रकाने आखतो," मी म्हटलं.

"यार, दोघंही गूगल केल्यासारखं सांगतात," लेक म्हणाली. "माझावाला प्रॉपर वाचतो."

सासूबाई सोफ्यावर बसून ऐकत होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई. त्या म्हणाल्या, "भांडता काहून? पेपर काढा."

त्यांनी खरंच पेपर काढला. पाठकोऱ्या कागदावर प्रश्न लिहिले, लाल पेन मागवलं आणि नियम सांगितले. तिघांना तेच प्रश्न, तेच कागद. प्रत्येक उत्तरापुढे पान नंबर हवा, पानाशिवाय मार्क नाहीत. "आणि सापडलं नाही असं म्हणाला तर शून्य. थाप मारली तर उणे."

"आई, शाळेत उणे मार्क कुठे असतात?" नवरा म्हणाला.

"माझ्या वर्गात होते," त्या म्हणाल्या. तो त्यांच्याच वर्गात शिकलेला.

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता. सासूच्या आजारपणासाठी सुनेला घर बदलून तळमजला मिळतो का? मी माझ्या एआयला विचारलं आणि क्षणात उत्तर आलं. हो, नक्कीच मिळतो! नियमाचा क्रमांक, पोटकलम, वर सासूबाईंच्या प्रकृतीसाठी शुभेच्छा. मी खुर्चीतून उडालेच. अर्जाचा मजकूरही त्याच्याकडूनच लिहून घ्यायला बसले.

"पान?" सासूबाईंनी विचारलं.

त्याने पान सांगितलं. आम्ही ते पान उघडलं. तिथे स्कूटरच्या गॅरेजचा नियम होता. लेक हसून हसून जमिनीवर बसली. मी त्याला पुन्हा विचारलं तर तो म्हणाला, माफ करा, आणि दुसरं पान दिलं. तिथे बागेच्या कुंपणाबद्दल लिहिलेलं.

"बडबड्या आहे," सासूबाई म्हणाल्या आणि लाल पेनने उणे लिहिलं. मला माझं स्वतःचं पोर नापास झाल्यासारखं लागलं. तोच अर्ज मी उद्या साहेबांच्या टेबलावर ठेवला असता, म्हणजे शोभाच होती.

नवऱ्याच्या एआयने सुबक तक्ता दिला. पान बरोबर, कलम बरोबर, उत्तर "नाही". सासूबाई मात्र चष्मा सावरून कागदांच्या थप्पीत शिरल्या आणि त्यांनी दाखवलं, की ज्या परिपत्रकाच्या आधारावर हे "नाही" आलं, ते त्याच थप्पीतल्या पुढच्या एका परिपत्रकाने रद्द झालं होतं. "पाठांतर चांगलं आहे. पण शेवटपर्यंत वाचलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि अर्धा मार्क दिला. नवऱ्याने तोंड पाडलं.

लेकीच्या एआयने वेळ घेतला. मग आधी तक्रार केली, की दोन पानं इतकी पुसट आहेत की वाचता येत नाहीत, आणि ती कोणती तेही सांगितलं. पुढे एवढंच म्हणाला, की आश्रितांच्या आजारपणाची तरतूद अमुक पानावर आहे, पण आश्रितांत सासू धरतात का, हे या कागदांतून स्पष्ट होत नाही.

"हे काय उत्तर आहे?" मी चिडले. "शेवटी पळायचं आपणच!"

सासूबाईंनी त्याच्यापुढे पानभर मोठी टिक केली. "हा मागच्या बाकावरचा. कमी बोलतो, पण बघून बोलतो. आता ती दोन पानं शोधा."

ती दोन पानं शोधण्यात माझे काही दिवस गेले. ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याकडे स्वच्छ प्रत निघाली. मी तिथेच उभ्या उभ्या फोटो काढून लेकीला पाठवले. दुपारी तिचा फोन आला, आणि ती इतकी किंचाळली की बाजूच्या टेबलावरच्या माणसाने वर पाहिलं. "आई! लिहिलंय! लेडी एम्प्लॉयी आपले पेरेंट्स किंवा सासू-सासरे, कुणालाही डिपेंडंट धरू शकते! पान नंबर पण दिलाय त्याने!" माझ्या वैद्यकीय कार्डावर सासूबाईंचंच नाव होतं. मी ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये एक उडी मारली. हो, मारली, आणि सचिवांच्या पीएने ती पाहिली.

अर्ज गेला, डॉक्टरचं प्रमाणपत्र गेलं आणि दिवाळीच्या आसपास मंजुरी आली. आता दुसरा पेपर. रिकाम्या घरांची यादी लागली, लांबलचक, नुसते ब्लॉक आणि क्रमांक. त्यातून तळमजले वेगळे काढायचं काम तिघांनीही चटकन केलं, नवऱ्याच्या एआयने तर सगळ्यात छान, कॉलनीवार लावून. त्याला पूर्ण मार्क मिळाले आणि नवऱ्याचा चेहरा उजळला. मग सासूबाईंनी त्यांचा स्वतःचा प्रश्न विचारला.

"यातल्या कुठल्या घरापुढे दुपारचं ऊन येतं?"

माझा बडबड्या म्हणाला, लक्ष्मीबाई नगरमधलं एक घर पूर्वाभिमुख आहे आणि अमुक घर हवेशीर आहे. नवऱ्याच्याने अंदाज बांधून क्रम लावला. मागच्या बाकावरचा म्हणाला, या यादीत दिशा दिलेली नाही.

आता तर मलाही कळलं होतं. मी स्कूटरची किल्ली उचलली.

त्या रविवारी मी आणि लेक स्कूटरवरून भर दुपारी एकेक घर बघत फिरलो. मी खिडकीतून डोकावायचे, लेक व्हिडिओ कॉलवर आजीला ऊन दाखवायची. "मोबाइल खाली कर. सावली कुठवर आहे?" सासूबाई विचारायच्या. बडबड्याच्या पूर्वाभिमुख घरापुढे एवढी मोठी भिंत होती की तिथे दुपारी दिवा लावावा लागला असता. पण लक्ष्मीबाई नगरमध्येच दुसरं एक घर सापडलं आणि मी वेडीच झाले. समोर मोकळं लॉन, त्यावर भरभरून ऊन, दोन बायका खाटेवर मटार सोलत बसलेल्या. मी म्हटलं, झालं, हेच. घरी परत येताना वाटेत आर. के. पुरमच्याच दुसऱ्या सेक्टरमधलं एक घर होतं, तेही दाखवलं. लहानसं अंगण, कडुलिंबाची सावली, ऊन म्हणाल तर एका कोपऱ्यात, तेही सरकतं.

घरी येऊन मी पसंतीक्रम भरायला बसले. पहिलं लक्ष्मीबाई नगर टाकणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "पहिलं आर. के. पुरमचं टाक."

माझा संताप संताप झाला. "आई, तिथे ऊन नाही! एवढं फिरलो ते कशासाठी? उन्हाचा प्रश्न तुम्हीच काढला होता ना?"

"काढला होता," त्या म्हणाल्या. "पण ऊन सरकलं तर खुर्ची सरकवता येते. तिथून इथवर ई-रिक्षा येते. लक्ष्मीबाई नगरला, एवढ्या लांब ती बंगालीण कशी येईल माझ्याकडे?"

आम्ही कधीपासून तीन-तीन एआयना नियम विचारत होतो, मजला विचारत होतो, दिशा विचारत होतो. मावशीचं घर कुठल्याच कागदावर नव्हतं. मी पहिली पसंती बदलली.

निकालाच्या दिवशी मी ऑफिसात वेबसाइटचं पान इतक्या वेळा ताजं केलं की माझाच हात दुखला. आणि एकदाचा आमचा क्रमांक दिसला. आर. के. पुरम, तळमजला! मी नवऱ्याला फोन केला, लेकीला केला, मग सासूबाईंना. त्या म्हणाल्या, "बरं." मग म्हणाल्या, "मागच्या बाकावरच्याला सांग हं."

घर हलवायचं त्या सकाळी सामान उतरत होतं, खाली टेम्पो उभा. खुर्ची आणि दोन माणसं तयार होती. सासूबाई म्हणाल्या, "नको. या खेपेला मी पायाने उतरणार." कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या निघाल्या. मी पुढे, नवरा मागे. मजल्यागणिक दारं उघडत होती, शेजारीपाजारी बाहेर येऊन "शाबाश आंटी जी" म्हणत होते. मला हसावं की रडावं कळत नव्हतं, मी दोन्ही केलं.

खाली कोवळं ऊन पडलं होतं. बंगाली मावशी लॉनवर नेहमीच्या जागी बसलेली, तिच्या शेजारी एक रिकामी खुर्ची. सासूबाई टेम्पोकडे वळल्याच नाहीत. सरळ गवतातून गेल्या आणि त्या खुर्चीत बसल्या. नागपूरहून आलेल्या पेटीतली दोन संत्री त्यांनी पिशवीतून काढली, एक मावशीच्या हातात दिलं. दोघींचे गुडघे एकमेकींना टेकत होते.

"आज क्या बनाया?" सासूबाई ओरडल्या.

"अभी कुछ नहीं बनाया!" मावशी तेवढ्याच जोरात ओरडली.

टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. दोघींनी तिकडे लक्षच दिलं नाही. हातभर अंतरावरून त्या अजूनही तीन मजल्यांएवढ्या आवाजातच बोलत होत्या.