कावळा शिवेपर्यंत

अनाथाश्रमातल्या मुलांना पितृपक्षात अजीर्ण होतं, हे मला तिथं शिकवायला जाईपर्यंत माहीत नव्हतं. नाशिकला श्राद्धासाठी गावोगावची माणसं येतात, गंगेवर विधी उरकतात, आणि मग कुणीतरी त्यांना सांगतं की त्र्यंबक रस्त्याला पोरक्या मुलांची शाळा आहे, तिथं जेवण घाला, पुण्य लागेल. त्या पंधरा दिवसांत मुलं सकाळी खीर, दुपारी खीर आणि संध्याकाळी पुन्हा वडे-खीर जेवायची. रविवारी माझ्या वर्गातली निम्मी मुलं पोट धरून बसलेली असायची. नवरात्र लागलं की खीर बंद, पुन्हा भाकरी आणि पाण्यासारखी आमटी. "हीच जेवणं वर्षभर वाटून घ्यायला सांगा ना लोकांना," असं मी व्यवस्थापकांना म्हणाले, तर ते हसले. "ताई, देणाऱ्याला आपण काय सांगणार?"

ही अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची गोष्ट. मी नाशिक रोडला एका कचेरीत कारकून होते आणि शनिवारी दुपारी व रविवारी या शाळेत फुकट गणित शिकवायला जायचे. फुकट शिकवणारं माणूस आपोआप चांगलं असतं, अशी तेव्हा माझी समजूत होती.

वर्ग म्हणजे पत्र्याची एक खोली. पंचवीस मुलं सतरंजीवर, वह्या मांडीवर. मांडीवरच्या वहीत कुणी भूमितीची आकृती काढून दाखवावी! मला बाकं हवी होती. येणारा प्रत्येक दाता मात्र केळी आणायचा, मुलांना ओळीनं उभं करून पाया पडायला लावायचा आणि फोटो काढून निघून जायचा. माझ्या डोक्यात अशी तिडीक जायची की विचारू नका. पण बोलायची सोय नव्हती.

सातवीत एक मुलगी होती. पेठ तालुक्याकडची. आईबाप कसे गेले ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं. गणितात अशी तरबेज, की फळ्यावर माझं काही चुकलं तर तिला आधी कळायचं. पण चारचौघांत ताईंची चूक काढायची नाही एवढी समज तिला होती. ती माझ्याकडे बघून हळूच नाक खाजवायची. मग मी फळ्याकडे वळायचे, शोधायचे आणि दुरुस्त करायचे. वर्षभरात इतर कुणाला हे कळलं नाही.

संस्थेचा एक नियम होता. सातवी झाली की मुलींना शिवणवर्गात घालायचं. एखादीला शिष्यवृत्ती मिळालीच, तर तिला गावातल्या हायस्कुलात पाठवायचं. आजवर कुणाला मिळाली नव्हती. हिला मिळेल याबद्दल मला शंका नव्हती. परीक्षा फेब्रुवारीतल्या एका रविवारी, दुपारी एक वाजता, गंगापूर रोडच्या एका शाळेत होती. ती मला दर आठवड्याला विचारायची, "ताई, हायस्कुलात बीजगणित लय असतं का?" लय असतं म्हटलं की तिला आनंद व्हायचा.

त्याच सुमाराला आमच्या कचेरीतल्या साहेबांच्या आईचं वर्षश्राद्ध येत होतं. मीच त्यांच्याकडे विषय काढला. म्हटलं, आईंच्या नावानं शाळेला बाकं द्या. साहेब विरघळले. "बाकं देतो. पण आधी मुलांना आईच्या तिथीला जेवू घालतो. तुम्हीच सगळं ठरवा." तिथी अष्टमी. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, अष्टमी सोमवारी छापली होती. परीक्षा रविवारी, जेवण सोमवारी. मी खूश होऊन शाळेत कळवूनही टाकलं.

परीक्षेच्या चार दिवस आधी साहेब टेबलापाशी आले. "अहो, गुरुजी म्हणतात जेवण रविवारी. कॅलेंडरात सूर्योदयाची तिथी छापतात, श्राद्धाला दुपारची धरतात. रविवारी दुपारी अष्टमी लागतेय. एवढंही माहीत नाही तुम्हाला?" नव्हतं माहीत. माझ्या माहेरी दर वर्षी श्राद्ध व्हायचं, पण तिथी बघणं बायकांच्या वाट्याला आलं नव्हतं. वडे तळणं आलं होतं.

मी व्यवस्थापकांना गाठलं. म्हटलं, त्या मुलीला तेवढं पंगतीतून सोडा. ते म्हणाले, "साठ पानं सांगितलीत. एक पान रिकामं दिसलं तर त्यांच्या मनाला लागेल. शिवाय श्लोक तीच सांगते, बाकीची पोरं नुसती पुटपुटतात. ताई, साडेअकराला पान वाढलं की बारापर्यंत मोकळी. टांग्यानं अर्ध्या तासात पोहोचाल. कशाला काळजी करता?"

हिशेब बरोबर होता. मी मान डोलावली. बाकं माझ्या डोळ्यांपुढे होती, हेही सांगून टाकते.

रविवारी साडेअकराला साठ पानं वाढून झाली. मीही पदर खोचून खीर वाढत होते. ती पंगतीच्या टोकाला बसली होती. कंपासपेटी आणि ओळखपत्र मांडीवर, वेणी घट्ट, कपाळाला अंगारा. साहेबांनी एक पान अंगणात आंब्याखाली ठेवलं. "कावळा शिवला की सुरू करू," ते म्हणाले.

वर्षश्राद्धाला कावळ्यासाठी इतकं कुणी अडून बसत नाही. पण साहेबांच्या आईच्या दहाव्याला म्हणे कावळा शिवता शिवेना, शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ मारून नेली होती. तेव्हापासून त्या माणसानं वर्षभर मनात धास्ती बाळगली होती. आई कशात अडकली असेल, काय राहिलं असेल. आज कावळा खरोखर शिवल्याशिवाय ते कुणाला घास घेऊ देणार नव्हते.

बारा वाजले. कावळे होते. समोरच्या लिंबावर चांगले चार बसले होते, खाली बघत होते आणि ढिम्म हलत नव्हते. साहेब हात जोडून म्हणाले, "आई, घराचं राहिलेलं काम या वर्षी पुरं करीन." कावळे बसूनच. "धाकट्याशी अबोला सोडीन." काही नाही. साठ मुलं खिरीकडे बघत बसलेली, माश्या वारत. स्वयंपाकीण मावशी माझ्या कानाशी पुटपुटली, "आवं, त्या कावळ्यास्नी बी पितरांचं खाऊन खाऊन कट्टाळा आला आसंल."

साडेबारा झाले. मी व्यवस्थापकांकडे पाहिलं. त्यांनी हातानंच थांबा म्हणून खूण केली. मी मनात म्हटलं, आणखी पाच मिनिटं. पाऊण वाजताही हेच म्हटलं. मनातल्या मनात साहेबांच्या आईलाही विनवून पाहिलं, की आजी, तुमच्या लेकाचं राहू द्या, या पोरीला जाऊ द्या. पण तोंड उघडलं नाही. अंगणात समोर माझे साहेब डोळ्यांत पाणी आणून उभे, आणि हे सगळं मीच घडवून आणलेलं. पंगतीतून पोरीला हाताला धरून उठवायचं, एवढंच करायचं होतं. हातात खिरीचं पातेलं घेऊन मी खांबासारखी उभी राहिले.

तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच नाक खाजवलं.

मी मान फिरवली.

एक वाजून पाच मिनिटांनी कावळा शिवला. साहेब हुंदका देऊन रडले. तिनं खड्या आवाजात श्लोक सांगितला, एक शब्द न गाळता, आणि घास न घेता उठली. आम्ही फाटकाकडे धावलो. टांगेवाल्याला मी सारखी "पळव रे बाबा, पळव" म्हणत होते. शाळेशी पोहोचलो तेव्हा एक चाळीस झाले होते. फाटकावरच्या शिपायानं घड्याळ दाखवलं. "अर्ध्या तासानंतर कुणाला घेत नाहीत." मी हात जोडले, भांडले, केंद्रप्रमुखांना बाहेर बोलावलं. ते भले गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "उशीर कशानं झाला?" कावळा शिवला नाही, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? तीच म्हणाली, "जेवायला बसलो होतो."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून पेढा दिला. "तुमच्यामुळे आई सुटली," म्हणाले. मी तो पेढा खाल्ला. जूनमध्ये बाकं आली, प्रत्येक बाकावर त्यांच्या आईचं नाव रंगवलेलं. तोवर ती शिवणवर्गात गेली होती. शिवणवर्ग पलीकडच्या खोलीत भरायचा, सतरंजीवर. मी आणखी दोन वर्षं शिकवलं. फळ्यावर काही चुकलं तर आता कुणी सांगत नव्हतं, आणि माझ्या चुका होत होत्या हे मला पक्कं माहीत आहे.

पण मला अजून छळतो तो परतीचा टांगा. मी साऱ्यांना शिव्या देत होते. साहेबांना, व्यवस्थापकांना, गुरुजींना, कॅलेंडर छापणाऱ्यांना. स्वतःला सोडून सगळ्यांना. ती कंपासपेटी मांडीवर धरून बसली होती. मग म्हणाली, "ताई, मावशीनं माझं पान झाकून ठेवलं आसंल ना?"

"ठेवलं असेल की," मी म्हटलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा पंगत उठली होती आणि अंगण शेणानं सारवून झालं होतं. श्राद्धाचं पान मागं ठेवत नाहीत, म्हणून तिचं पान गाईला घातलं होतं.