पंप कोणाचा?

द्राक्षबागांना औषधांचा सल्ला देणं हा माझा धंदा. त्याचं लायसन मी इंदिरानगरच्या घरात फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावलंय. नवरा म्हणतो, रोज आरतीही करत जा. करीनसुद्धा, त्याचं काय जातंय. घर त्यावरच चालतं.

गेल्या हंगामात तेच लायसन जायची वेळ आली होती. सिन्नरकडच्या एका बागायतदाराने तक्रार केली, की मॅडमनी सांगितलेलं औषध मारलं आणि बागेची कोवळी पानं आखडली. मी जाऊन पाहिलं. पानं बारीक झालेली, हातपंख्यासारख्या चुण्या पडलेल्या. हे माझ्या औषधाचं काम नव्हतंच. गवत मारायचं औषध वापरून पंप नीट धुतला नाही, की पुढच्या फवारणीत बागेचे असे हाल होतात.

"पंप कोणाचा होता?" मी विचारलं.

"घरचाच. त्यात गवताचं औषध कधी भरलंच नाही," तो म्हणाला आणि चपलेने ढेकूळ फोडत राहिला.

माझं डोकं सणकलं, पण बोलायची सोय नव्हती. आमचा नियमच आहे, तक्रारदारावर दबाव आणायचा नाही आणि सुनावणी होईपर्यंत त्याला सल्लाही द्यायचा नाही. मोडला की लायसन रद्द. आणि हा बाबा तक्रार करून वर मलाच रोज फोन करायचा. "मॅडम, भुरी दिसतीय, काय मारू?" अरे, जिने तुझी बाग बिघडवली म्हणतोस, तिलाच विचारतोस? "सुनावणीनंतर बोलू," म्हणून मी फोन ठेवायची आणि दिवसभर मला त्या भुरीचाच, पानांवरच्या त्या पांढऱ्या बुरशीचाच घोर. बाग चांगली होती हो त्याची.

सुनावणीला तो बायकोला घेऊन आला. कृषी खात्याच्या साहेबांनी पंपाचं विचारलं. पुन्हा तेच, "घरचा." माझ्याकडे पुरावा काहीच नव्हता. गेलं आता लायसन, म्हटलं.

तेवढ्यात त्याची बायको उठली. "साहेब, पंप माझ्या भावाचा व्हता. आमचा बिघडला म्हणून मीच माहेरून आणला. भावानं त्यात गवताचं औषध वापरेल व्हतं, अन् आम्ही तसाच भरला. ह्यांना सासुरवाडीचं नाव घ्यायला कसंतरी वाटतं. म्हणून या बाईंच्या पोटावर पाय द्यायचा का?"

नवऱ्याने मान खाली घातली. साहेबांनी तक्रार निकाली काढली. मला रडूच आलं.

बाहेर चहा घेताना तो हळूच म्हणाला, "मॅडम, आता विचारू का?" मी भुरीचं औषध सांगितलं आणि माझा राग तिथेच संपला. मग तिला विचारलं, "भाऊ रागावेल ना?"

"रागवू द्या. पंप मी चांगला घासूनपुसून परत धाडलाय. काय समजायचं ते समजंल."

भाऊ खरंच रागावला. कितीतरी महिने बहिणीशी बोलला नाही. मला फार वाईट वाटायचं. माझं लायसन वाचलं, पण तिचं माहेर तुटलं. यंदा भाऊबीजेनंतर न राहवून मीच तिला फोन केला.

"गेलते ना," ती म्हणाली. "ओवाळणीत साडी नाय, नवा कोरा पंप दिला. वर म्हणतो, हा कोणाला उसना देऊ नको."